पाटी लावली म्हणजे काम झालं?

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला स्प्रिंग फ्रेमवर्कवरचा एक जुना जावा प्रोजेक्ट मिळाला. त्यात भलीमोठी एक्सएमएल फाइल होती. कुठला बीन कुठल्या क्लासचा, त्याला आणखी कोण लागतं, ट्रान्झॅक्शन कुठे हवं, सगळं टॅगमध्ये. मला ते कंटाळवाणं वाटायचं.

2007 साली आलेल्या स्प्रिंग 2.5 ने @ऑटोवायर्ड आणलं आणि असं बरंचसं कॉन्फिगरेशन थेट कोडमध्येच लिहिता येऊ लागलं. आम्हीही एक्सएमएल काढून अ‍ॅनोटेशन्स लावली. पैसे ट्रान्सफर करणाऱ्या मेथडवर मी @ट्रान्झॅक्शनल लिहिलं. म्हणजे दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. निदान मी तसं समजलो.

एका रात्री बॅच मध्येच पडली. एका खात्यातून पैसे वजा झाले, दुसऱ्यात जमा झालेच नाहीत. माझं पहिलं वाक्य होतं, "पण मी तर लिहिलं होतं!"

अ‍ॅनोटेशन स्वतः काहीच करत नाही. स्प्रिंग ते वाचतं आणि त्या ऑब्जेक्टसमोर एक प्रॉक्सी उभी करतं. बाहेरून येणारा कॉल प्रॉक्सीतून जातो, तिथे ट्रान्झॅक्शन सुरू होतं. माझी बॅच मात्र त्याच क्लासमधून त्या मेथडला बोलवत होती. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन बाहेरून येणाऱ्याची नोंद करतो. हॉलमधून स्वयंपाकघरात जाणाऱ्याची कशी करणार? हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

मग चूक अ‍ॅनोटेशनची का? नाही. एक्सएमएलमध्येही तीच प्रॉक्सी असते, तेच झालं असतं. फरक माझ्यात पडला होता. लांबच्या फाइलमधला नियम मी शंकेने तपासायचो. डोळ्यांसमोरचा शब्द वाचून मात्र खात्रीच पटली.

आपण एरवीही असंच वागतो ना? प्रायव्हसी पॉलिसीवर 'मान्य' दाबतो, टीमच्या पानावर 'आम्ही सर्वांचं ऐकतो' लिहितो, आणि लिहिलं म्हणजे केलं असं धरून चालतो. जाहीर केलेलं मूल्य बाहेरच्यांसमोर पाळलं जातंही. आतल्या आत, कुणी बघत नसताना, ते लागू होतं का, हा खरा प्रश्न.

ती मेथड मी वेगळ्या क्लासमध्ये हलवली. आणि एक टेस्ट लिहिली, जी काम मुद्दाम अर्ध्यात पाडते आणि वजा झालेले पैसे परत आले का, ते बघते. शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण ज्याचे पैसे अडकतात, त्याला माझा शब्द दिसत नाही, फक्त बॅलन्स दिसतो.