मागची सीट

सात लाखांच्या आत-बाहेर सध्या मला दोन गाड्या परवडतात. एक 2017 ची वापरलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. दुसरी नवी कोरी मारुती स्विफ्ट, पण सगळ्यात खालचं एलएक्सआय मॉडेल. गंमत म्हणजे दोन्हींची इंजिनं 1197 सीसीचीच. पोलोचं चार सिलिंडरचं टर्बो, 105 पीएस ताकदीचं. स्विफ्टचं तीन सिलिंडरचं, जेमतेम 82 चं. पोलोत क्रूझ कंट्रोल, ऑटोमॅटिक एसी, चामडं मढवलेलं, खालून चपटं स्टिअरिंग. स्विफ्टच्या बेस मॉडेलमध्ये गाणी ऐकायची सोयसुद्धा नाही. पोलोला स्पोर्ट्स कार म्हटलं तर युरोपातला माणूस हसेल. पण माझ्या पगारात स्पोर्ट्स कारची जेवढी हौस बसते, ती एवढीच.

अशा वेळी घरातून पहिला सल्ला येतो तो गरज आणि हौस यांतला फरक ओळखण्याचा. आमचे पप्पा एका वाक्यात निकाल लावतात: "चार चाकं, डोक्यावर छप्पर. बाकी सगळी हौस." सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण गरज आणि हौस यांच्यातली रेघ एका जागी थांबत नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आहे. रोल्स-रॉइसने सिल्व्हर घोस्ट बनवली ती श्रीमंतांच्या चैनीसाठी. युद्धात तिच्यावरची चैन उतरवली, पोलादी पत्रे चढवले, आणि चैनीसाठी घडवलेलं तेच मजबूत हाड सैनिकांची गरज बनलं.

एअरबॅगचंही तसंच झालं. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय गाड्यांच्या अपघात-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. त्यांत चाकणला बनणारी पोलोही होती. दोन एअरबॅग बसवलेल्या त्याच पोलोला मात्र चार तारे मिळाले. म्हणजे तोवर जगण्या-मरण्यातला हा फरक आपल्याकडे वरच्या मॉडेलची चैन म्हणून विकला जात होता. पुढे 1 जुलै 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, 2022 पासून शेजारच्या सीटची. मे 2024 मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टने तर सगळ्यात स्वस्त मॉडेललाही सहा एअरबॅग दिल्या. दहा वर्षांत क्रम उलटला. आता बेस मॉडेलमध्ये गाणी नाहीत, पण जीव वाचवायची सोय आहे.

म्हणून गरज की हौस, याऐवजी मी गाडीतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा प्रश्न विचारून पाहतो: ही माझ्याकडे आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, याचं मला काय वाटतं? चपट्या स्टिअरिंगच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, थोडं बरंच वाटतं. एअरबॅगच्या बाबतीत तसं वाटलं तर लाज वाटायला हवी. जी गोष्ट सगळ्यांना मिळाली तरी आपला आनंद कमी होत नाही, ती बेसमध्ये असावी.

पण ही कसोटी हौसेवर थोडा अन्यायच करते. हौस म्हणजे नुसता दिखावा नव्हे. सुप्याच्या पुढे पहाटे रस्ता मोकळा असतो. तिथे टर्बोचा जोर पाठीला जाणवतो तेव्हा बघायला कुणीच नसतं. तो आनंद निखळ आहे, आणि त्याला फालतू म्हणणारा माणूस मला संतही वाटत नाही.

जुन्या गाडीच्या बाजूने नैतिक मुद्दाही आहे. ती बनवायला लागलेलं पोलाद कधीच खर्च झालंय. चालती वस्तू वापरत राहणं केव्हाही चांगलं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मात्र ही पोलो बीएस-4 काळातली. आज पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ती घडवलेली नाही. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या प्रवरानगरला झाली, त्या जिल्ह्यातला मी. मामांच्या उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉल हवं, आणि माझ्या इंजिनासाठी नको, असं दोन तोंडांनी मला बोलता येणार नाही.

तरीही माझा निकाल इथेनॉलवर लागत नाही. तो लागतो गाडीत कोण कुठे बसतं यावर. मी चालवणार, पप्पा शेजारी, आई मागे. आमच्याकडेच नव्हे, बहुतेक घरांत हे असंच असतं. ईएसपी दोन्ही गाड्यांत आहे. पण पोलोच्या दोन्ही एअरबॅग पुढच्या दोघांसाठी. स्विफ्टच्या सहांपैकी दोन पडद्यासारख्या खिडक्यांवरून उघडतात आणि मागच्या सीटपर्यंत पोचतात. म्हणजे पोलोत आनंद माझा, आणि एका बाजूची उघडी जोखीम आईची. तिला विचारलं तर म्हणेल, "तुला आवडते ती घे." तिच्या या उत्तराचा आधार घेणं मला जमणार नाही. स्वतःच्या हौसेची किंमत स्वतः मोजणं हा माझा हक्क आहे. ती किंमत माझ्यासाठी नाही न म्हणणाऱ्या माणसाकडून वसूल करणं हा हक्क नाही.

मी एकटा असतो तर पोलो घेतली असती, आणि त्यात काही चुकीचं नसतं. आता स्विफ्ट घेतोय. त्यामुळे मी साधा किंवा विरक्त ठरत नाही; पोलो दिसली की मान अजून वळते. आणि बेस हा शब्दही अजून पुरता खरा नाही. सुप्याच्या एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून दुचाकीवर तिघं घरी निघतात, काळी-पिवळीच्या मागच्या बाकावर माणसं कोंबून बसतात. त्यांच्यासाठी सहा एअरबॅग आजही वरचंच मॉडेल आहे.