आधी दुपारचे कुलूप काढा

रविवारच्या उत्सवाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. फुग्यांची कमान, कमानीखाली साहेब, साहेबांच्या शेजारी ज्यांनी खर्च केला ते, आणि या सगळ्यांच्या मागे जमेल तेवढी झाडे. उद्यानात चैतन्य आणायचे होते. ते सकाळी साडेसहालाच कर्ण्यांतून आले. रोज फिरायला येणारी मंडळी मात्र फाटकाबाहेर उभी राहिली, कारण आत प्रवेश फक्त नाव नोंदवलेल्यांना होता. फुग्यांच्या कमानींविषयी माझे मत या स्तंभाच्या वाचकांना पाठ आहे, त्यामुळे त्या बाबतीत गप्प बसतो.

ओरड झाल्यावर आयोजकांनी आपली बाजू मांडली. मुलांच्या कलेला व्यासपीठ मिळते म्हणाले. मिळते. महापालिकेला भाडे मिळते. तेही मिळत असेल. पण तिसरे कारण ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. ‘एरवी इथे कोणी फिरकतच नाही हो, म्हणून लोकांना आणावं लागतं.’

कोणी फिरकत नाही! उद्यानाला सकाळी अकराला कुलूप लागते, ते चारला निघते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दोन घरांच्या मध्ये तासभर टेकायला सावली हवी असते, ती नेमकी याच वेळात. घरोघरी पार्सले पोचवणाऱ्या पोरांना डबा खायला जागा हवी असते, अभ्यासिकेत खुर्ची न मिळालेल्या स्पर्धा परीक्षावाल्याला झाडाखाली पुस्तक उघडायचे असते. त्या सगळ्यांनी कुलूप बघून परत जायचे. संध्याकाळी आत शिरलात तर फलक स्वागताला हजर. हिरवळीवर बसू नये. चेंडू खेळू नये. सायकल आणू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. मोठ्यांनी झोपाळ्यावर बसू नये. जोडपी बसतात म्हणून कोपऱ्यातली बाके उचलून नेली, आणि जी उरली त्यांच्या पाठीवर माजी नगरसेवकांचे नाव आहे, सौजन्याने. नळाला तोटी नाही. स्वच्छतागृहाची किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार चहाला. इतका बंदोबस्त चोख झाला, की मग कपाळाला हात लावून विचारायचे, लोक का बरे येत नाहीत? उत्तर शोधायला सल्लागार नेमायचा. सल्लागार सांगणार, झुम्बा ठेवा.

न्यूयॉर्कमधल्या चौकांत कॅमेरे लावून विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी हाच प्रश्न धसास लावला होता. काही चौक गजबजलेले आणि काही ओस का, याची कारणे त्यांनी १९८०च्या पुस्तकात मांडली. त्यांतले पहिले इतके साधे की आपल्याकडे त्याचे कंत्राटही निघणार नाही: जिथे बसायची सोय असते तिथे लोक बसतात.

हे कळायला शिवाजी पार्कच्या लोकांना न्यूयॉर्कला जावे लागले नाही. १९२५ साली खुल्या झालेल्या त्या मैदानाला एक बुटका कट्टा आहे, बस्स. त्याच्यावर पिढ्यानपिढ्या लोक बसत आले. क्रिकेटचे वाद तिथे झाले, लग्ने तिथे ठरली, मोडलीही. कोणी निवेदक नेमला नव्हता. आत सभा गाजल्या, नाही म्हणत नाही. पण त्या आवाजाला कंटाळून रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरवला. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. रविवारच्या निवेदकाला ती कोणी कळवली नसावी. ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ हे त्याने जितक्या वेळा म्हटले तितकी माणसे तरी समोर होती का, शंका आहे.

कार्यक्रम म्हटला की माझ्या कपाळाला आठी पडते असे नाही. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. काही तास वाहने बंद, आणि एरवी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडणारी आजी रस्त्याच्या मधोमध चालते. तिथे मोटारी हटवून माणसांना जागा दिली जाते. तिथेही मंडप असतात, पण त्यांच्याकडे पाठ करून पुढे निघून जाता येते. दिवाळी पहाटेबद्दलही मी काही वाकडे बोलणार नाही, दोन गाण्यांच्या मधले निवेदन सोडून.

जागा ज्यांच्या रोजच्या वापरातली, त्यांना उठवण्याआधी विचारावे, एवढेच माझे म्हणणे. ‘विचारलं तर ते नाहीच म्हणतील,’ असे आयोजकांपैकी एकजण म्हणाले. म्हणतीलही. सकाळच्या आजोबा मंडळींनी मुलांच्या चेंडूलाही नाहीच म्हटले होते, तो फलक त्यांच्याच अर्जावरून लागला आहे. तेव्हा त्यांचीही फार कड घेण्यात अर्थ नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक उपक्रम आहे म्हणे. आयुक्तसाहेब, तोवर दुपारचे कुलूप काढा, नळाला तोटी बसवा आणि नेलेली बाके परत आणा, नावाशिवाय. महिनाभर वाट बघा. तरीही कोणी आले नाही, तर खुशाल झुम्बा ठेवा.