लांबवलेला बहर आणि झाडाचे ऋण

जबलपुरात सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो आणि नेमका तेव्हाच घरच्या बागेत फुलांचा तोटा पडतो. गौरींच्या वेळी बहरलेला तेरडा बोंडे धरून बसलेला असतो. शेवंतीला अवकाश असतो, कारण रात्र पुरेशी लांबल्याखेरीज ती कळी धरत नाही. नवरात्र मात्र दाराशी आलेले. ही फट बुजवायची रीत जुनीच आहे: जुलैत झेंडू लावायचा, महिन्याभराने शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात, आणि पुढे सुकत आलेले प्रत्येक फूल बी धरण्याआधी काढून टाकायचे. बी झाले नाही म्हणूनच झाड पुन्हा कळ्या काढते. आपण ज्याला लांबलेला बहर म्हणतो तो झाडाच्या बाजूने पाहिला तर पुन्हा पुन्हा हुकवलेला प्रयत्न आहे. मग या फुलांनी केलेल्या पूजेत दिले कोणी आणि घेतले कोणी?

फळाची आशा न धरता फुलत राहणे हाच गीतेतला निष्काम कर्माचा आदर्श, असे कोणी म्हणेल. दिसायला सुंदर, पण हा युक्तिवाद पोकळ आहे. त्याग करणाऱ्याने स्वतः सोडावे लागते; झाडाने काहीच सोडलेले नाही, ते आपण काढून घेतले आहे. जैनांचा आक्षेप याहून कसदार आहे. पिसनहारीची मढिया ज्यांचे तीर्थ, त्या दिगंबर जैनांची जबलपुरात मोठी वस्ती आहे. त्यांच्यातले तेरापंथी पूजेत ताजी फुले वाहतच नाहीत, कारण वनस्पती हा एकेंद्रिय जीव. हे मानले तर शेंडा खुडणेही हिंसाच, आणि मला ते नाकारता येत नाही. पण मुनींना महाव्रते आणि गृहस्थांना अणुव्रते हा भेदही जैन परंपरेनेच केला आहे. म्हणजे बाग राखणाऱ्या गृहस्थापुढचा प्रश्न मापाचा उरतो: किती घ्यावे, आणि कुठे थांबावे.

माझ्या मते दिवाळीनंतर थांबावे. कार्तिकातला शेवटचा बहर खुडू नये, झाडावरच वाळू द्यावा, बी धरू द्यावे. यावर व्यवहारी माणूस हसेल. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, माणसानेच वाढवलेला. शिवाय संकरित वाणाच्या बियांतून तसाच झेंडू येत नाही, मग ते बी हवे कोणाला? पण बी आपल्या कामाचे असेल तरच राखायचे, तर तो पुढच्या वर्षाचा साठा झाला, ऋणफेड नव्हे. गणपती आणि नवरात्र यांच्या मधोमध पितृपक्ष येतो, आणि तिथेही आपण परतफेडीची अपेक्षा न ठेवताच देतो. माणसाने झेंडू वाढवला हे खरे. बी धरण्याची त्याची ओढ मात्र माणसाने घातलेली नाही. राहता राहिले निर्माल्य. ते ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत सोडण्याची सवय भक्तीची मानली जाते, पण त्यात नदीला कचरा आणि झाडाला काहीच नाही असा उलटा हिशेब होतो. ते झेंडूच्याच वाफ्यात पुरावे.