रांजणातले पाणी

शिर्डीहून राहात्याकडे जाताना पेरूच्या बागा आणि उसाचे फड दिसतात. ही हिरवळ कालव्याची देणगी आहे. इंग्रजी अमदानीत गोदावरीचे कालवे झाले आणि दुष्काळाने गांजलेल्या या मुलखाचे रूप पालटले. मात्र पाऊस ओढ देतो आणि कालव्याचे आवर्तन लांबते, तेव्हा पारावर आणि रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारातही एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपले पाणी खाली जाते आणि तिथे त्याची बियर होते.’

या वाक्यातील संताप आम्हांला समजतो. पण संताप समजणे वेगळे आणि तो न्याय्य ठरणे वेगळे. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा असे वाटते.

बियर ही मानवाची फार जुनी ओळखीची वस्तू आहे. सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे, तो वाळवून भरडायचा, पाण्यात उकळून त्यात हॉप्स घालायचे आणि यीस्टच्या साहाय्याने आंबवायचा, ही तिची कृती. युरोपात मठवासी संन्याशांनी ही विद्या शतकानुशतके जोपासली. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या अध्यायात मठवासीयांना दररोज ठरावीक माप द्राक्षारस घेण्याची मुभा दिली. त्याचबरोबर, जिथे स्थानिक परिस्थितीमुळे तेवढाही मिळत नसेल तिथल्या बंधूंनी कुरकुर न करता देवाचे आभार मानावेत, असेही त्यांनी सांगून ठेवले. म्हणजे पेयाचे माप ठरवताना त्यांनी त्या जागेचाही विचार केला होता.

आपल्या देशात आधुनिक बियर आली ती इंग्रजांबरोबर. 1855 साली एडवर्ड डायर यांनी हिमालयातील कसौली येथे बियरचा कारखाना काढला. थंड हवा आणि झऱ्याचे पाणी पाहून ती जागा निवडली होती. गोदाकाठची कहाणी निराळी आहे. येथे कालव्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांच्या मळीतून मद्यार्क निघू लागला. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. पुढे त्याची बंधने सैल होत गेली. दरम्यान 1976 साली पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्राला अर्पण झाले. नाथसागराच्या पाण्यावर वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली आणि तिथे बियरचे मोठे कारखाने उभे राहिले. सातू बाहेरून आणता येतो, हॉप्सही आणता येतात. पाणी मात्र जागेवरच लागते. बियरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. शिवाय धुणे, उकळणे आणि थंड करणे यांसाठी लागणारे पाणी वेगळे.

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी पोहोचले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य व बियर कारखान्यांच्या पाण्यात इतर उद्योगांपेक्षा अधिक कपात करण्याचा आदेश दिला. आई हंडा घेऊन रांगेत उभी असताना बाटल्यांची गाडी शेजारून जावी, हे दृश्य कोणाही सहृदय माणसाला बोचणारच.

तरीही आपल्याकडील तक्रार आहे तशी मान्य करणे आम्हांला जड जाते. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप हे तत्त्व आले. त्यानुसार 2015, 2018 आणि 2023 साली नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीकडे पाणी सोडण्यात आले. ते खालच्या गावांच्या नळांना आणि पिकांनाही जाते. त्या साऱ्याला ‘बियरचे पाणी’ म्हणणे म्हणजे आपल्या शेजाऱ्याची तहानच नाकारणे होय. शिवाय आपल्या उसाला किती पाणी लागते? खोऱ्यातील बियर कारखान्यांची गरज उसाच्या गरजेपुढे अगदी थोडी आहे. त्याच उसाच्या मळीतून निघालेला मद्यार्क आपल्याही जिल्ह्यातून बाहेर जातो. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ ही प्रभूची शिकवण इथे तंतोतंत लागू पडते.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांच्या मुलाला वाळूजला बियरच्या कारखान्यात नोकरी मिळत होती. मुलाचे आजोबा आयुष्यभर उसाच्या मळ्यात राबलेले. धाकट्या भावाच्या व्यसनाने त्याचा संसार उद्ध्वस्त झालेला त्यांनी पाहिला होता. ‘नातवाने हे काम करावे का?’ असे त्यांनी आम्हांला विचारले. त्या क्षणी आम्हांला उत्तर सुचले नाही. आज सुचते ते असे.

काना गावच्या लग्नात प्रभूने सहा दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला. मद्य मुळातच पाप असते, तर त्याचे पहिले चिन्ह हे नसते. म्हणून प्रामाणिकपणे काम करणाऱ्या तरुणाला आम्ही पापी म्हणणार नाही. मात्र ते पाणी लग्नघरच्या साऱ्यांसाठी होते. तो द्राक्षारस व्हावा म्हणून कोणाचा घडा रिकामा झाल्याचे शुभवर्तमानात कोठे लिहिलेले नाही. आपण जे बनवतो त्यापायी शेजारी तहानेला राहत असेल, तर मूळची निर्दोष वस्तूही सदोष होते. हा निकष बियरला लागतो, तसाच साखरेलाही आणि आपल्या विहिरीवरील पंपालाही लागतो. आजोबांचे दुःख याहून वेगळे आहे. ते अतिरेकाचे आहे आणि त्याचे उत्तर घराघरांतील संयमातच शोधावे लागेल.

राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता. पुढे तो बदलून शेतीला दुसरे स्थान मिळाले. कागदावर क्रम लावणे सोपे असते. टंचाईच्या वर्षी तो पाळणे कठीण, कारण तेव्हा प्रत्येकालाच आपली गरज पहिली वाटते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या आपल्या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क मानला, त्याचा अर्थ आम्ही असा घेतो : तहानलेल्याची पाळी आधी, मग तो वरच्या गावचा असो वा खालच्या.

म्हणून पुढच्या वेळी आवर्तन लांबले, तर वाळूजकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या शेताच्या बांधावर एक फेरी मारावी. ठिबक घातले आहे का, पाटातून पाणी वाया जाते आहे का, शेजारच्या वस्तीवरील हातपंपाला पाणी आहे का, हे पाहावे. मग बियर कारखान्यांना जाब विचारण्याचा आपला अधिकार आम्हीही मान्य करू. आणि तो विचारताना आपल्यासोबत खालच्या गावचे लोकही उभे असतील.