शिंपला प्रमाण मानावा का?

गोड्या पाण्यातील शिंपला नदीच्या प्रदूषणाचा दाखला देतो, असे जीवशास्त्र सांगते. हा दाखला कोणत्या प्रकारचा, त्यावर कितपत भिस्त ठेवावी आणि तो मिळवण्यासाठी एका जिवाला किती वेठीस धरावे, हे प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते प्रमाणशास्त्राचे आणि धर्मविचाराचे आहेत. बीड जिल्ह्यातील पाली हे गाव या विचाराला सोयीचे आहे. बिंदुसरा नदीवरचे धरण पालीजवळ आहे. तेथून खाली उतरलेली नदी बीड शहराच्या मधून जाते, पुढे सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीत जाते. एकाच नदीचे शहराआधीचे आणि शहरानंतरचे पाणी इथे शेजारी ठेवून पाहता येते.

दख्खनच्या नद्या-तलावांत लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या जातीचे शिंपले सर्रास आढळतात. खेड्यात घासून भोक पाडलेल्या शिंपल्याने कैरी सोलतात, तो बहुधा याच कुळातला. जिवंत शिंपला काठच्या गाळात अर्धा रुतून बसतो. वर दिसते ती फक्त शिंपांची किंचित उघडी कड. तिथे दोन छिद्रे असतात. बारीक झालर असलेल्या छिद्रातून पाणी आत जाते, दुसऱ्यातून बाहेर पडते. मधल्या वाटेवर कल्ल्यांत शेवाळाचे कण, जिवाणू आणि गाळ अडतो. पाण्यात शिसे, कॅडमियम किंवा तांबे असेल तर तेही कल्ले, प्रावरण आणि पाचकग्रंथीत साठत जाते. बाटलीत भरलेला नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो. शिंपल्याचे मांस मागच्या कित्येक आठवड्यांचे. औरंगाबादच्या विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञांनी या शिंपल्यांवर जड धातू आणि कीटकनाशकांचे परिणाम दीर्घकाळ अभ्यासले आहेत. समुद्रकिनाऱ्यांसाठी अशीच कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली आणि १९८६ पासून अमेरिकेत ती सरकारी कार्यक्रम म्हणून चालू आहे.

भारतीय दर्शनांत शिंपला प्रसिद्ध आहे तो नेमक्या उलट कामासाठी. तिथे तो ज्ञानाचे नव्हे, भ्रमाचे उदाहरण आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी शंकराचार्य अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप, समजावताना शिंपल्यावर भासणारी चांदी पुढे करतात. या चांदीवरून दर्शनांचे भांडण शतकानुशतके चालले. नैयायिकांच्या मते चांदी दुसरीकडे खरीच असते, ती फक्त चुकीच्या जागी दिसली. अद्वैती म्हणतात, ती चांदी सतही नव्हे आणि असतही नव्हे. प्रभाकर मीमांसकांचे म्हणणे सर्वांत चतुर: समोर काहीतरी चकाकते हे ज्ञान खरे, चांदीची आठवणही खरी, दोन्ही वेगळी आहेत एवढेच कळत नाही.

प्रदूषणाच्या चर्चेत होणारी चूक बहुतेकदा या तिसऱ्या जातीची असते. काठावर रिकामे शिंपले पडलेले दिसतात, हे खरे. शहराचे सांडपाणी नदीत येते हे ऐकलेले असते, तेही खरे. दोन्ही मिळून ‘सांडपाण्याने शिंपले मेले’ असे एकच वाक्य तयार होते. ते खरे असूही शकते, पण अजून ते सिद्ध झालेले नसते.

सिद्ध करायचे तर न्यायशास्त्राची शिस्त कामी येते. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान टिकते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे टिकत नाही, कारण धुराला ओले सरपणही लागते. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ‘शिंपले नाहीत, म्हणून पाणी विषारी’ या अनुमानात अशा उपाध्या दाटीने बसल्या आहेत. मराठवाड्यातल्या बिंदुसरेसारख्या नद्या उन्हाळ्यात आटतात, आणि पाणीच नसेल तर शिंपला विषाशिवायही मरतो. शिवाय त्याची पिल्ले जन्मल्यावर माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ वाढतात. योग्य मासे नाहीसे झाले की पाणी स्वच्छ असूनही शिंपल्यांची पुढची पिढी येत नाही.

मांसातल्या धातूचा पुरावा याहून बळकट आहे. शिसे शिंपला स्वतः तयार करू शकत नाही. ते आत आले ते बाहेरूनच. तरी इथेही सावधपणा लागतो. प्रजननानंतर किंवा उपासमारीत शिंपल्याचे वजन घटते, आणि आतला धातू तेवढाच असूनही दर ग्रॅममागचे प्रमाण वाढलेले दिसते. म्हणून पिंजऱ्यांची पद्धत निघाली. समजा, पालीच्या जलाशयातून सारख्या आकाराचे शिंपले घेतले, काही तिथेच जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले आणि काही शहराच्या खालच्या अंगाला. काही आठवड्यांनी दोन्हींत फरक दिसला, तर वय, जात आणि ऋतू यांच्या उपाध्या गळून पडतात आणि उरते ती मुख्यतः नदीची मधली वाट. पिंजरा हे उपाधी काढण्याचे साधन आहे, असे नैयायिकाने म्हटले असते.

आता नदीच्या पावित्र्याचा प्रश्न. मंजरथच्या संगमावर डुबकी घेणारा भाविक सांडपाण्यातून येणाऱ्या अमोनियाबद्दल काहीच विधान करत नसतो. त्याची श्रद्धा शिंपल्याच्या मांसाने खोटी ठरत नाही. खरीही ठरत नाही. पण पावित्र्य वागणुकीचा नियम घालून देऊ लागले, की ते तपासणीच्या कक्षेत येते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त आणि विष टाकू नये असे सांगितले आहे. हा नियम पाळला जातो की नाही, हे ग्रंथ सांगू शकत नाही, शिंपला सांगू शकतो.

त्याच परंपरेत पाण्याच्या शुद्धीचा दुसराही एक मापदंड होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्यांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण घागरींनी ओतून ते ‘शुद्ध’ केले. माणसाच्या ओंजळीने पाण्यात काहीच बदलले नव्हते. शुद्धीच्या घागरींनी मात्र अमोनियाचा थोडा का होईना बोजा वाढवला, आणि शिंपल्यांची पिल्ले ज्या द्रव्यांना फार नाजूक असतात त्यांत अमोनिया पुढे आहे. स्पर्शाचे माप लावणारी शुद्धी आणि द्रव्याचे माप लावणारी शुद्धी एकत्र नांदू शकतात, हे म्हणणे उदार वाटते; पण महाडसारख्या जागी दोन्हींचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि तिथे पहिलीला शिंपल्याकडून काही आधार मिळत नाही.

राहिला शिंपल्याचा स्वतःचा प्रश्न. जैन विचारात शंख-शिंपले द्वींद्रिय जीवांत मोडतात, म्हणजे त्यांना स्पर्श आणि रस एवढ्या दोनच संवेदना आहेत. प्राणिशास्त्राच्या नजरेतूनही हे वर्णन बरेचसे बरोबर आहे, फक्त अनेक शिंपले सावली पडल्यानेही मिटतात. त्यांना मेंदू नाही. गंडिकांच्या तीन जोड्या आहेत. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात नैतिक सीमारेषा कोळंबी आणि कालव यांच्या दरम्यान कुठेतरी ओढली, म्हणजे शिंपला बाहेर राहिला. जैन विचार त्याला आत घेतो. भारताच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. त्याच कायद्याचे चौदावे कलम मात्र ज्ञानासाठीच्या प्रयोगांना वाट देते.

व्यवहारात फरक पडतो तो पद्धतीने. विषमात्रा ठरवण्याच्या नेहमीच्या चाचणीत शिंपले ९६ तास विषात ठेवतात आणि निम्मे मरतील ती मात्रा शोधतात; तिथे मरण हेच मोजमाप असते. वॉर्सा शहराच्या पाणीपुरवठ्यात विस्तुला नदीच्या पाण्यावर आठ शिंपले पहारा देतात. त्यांच्या शिंपांना संवेदक चिकटवलेले असतात, आणि पाणी बिघडले की शिंपले मिटतात. तीन महिन्यांनी त्यांना परत सोडून देतात. या दोन टोकांमध्ये तिसरी वाट आहे: शिंपा मिटणाऱ्या स्नायूतून सुईने थोडा रक्तद्रव काढायचा आणि शिंपला पाण्यात परत ठेवायचा. त्यावरून शिंपल्यावरचा ताण कळतो. पाचकग्रंथीत किती कॅडमियम साठले हे मात्र कळत नाही. त्यासाठी अजून शिंपला फोडावाच लागतो.