पेण-रोह्याचा कातळ आणि अनुमानाची अट

डोंगरावर धूर दिसला की न दिसणारी आगही तिथे आहे असे मानायचे, हे न्यायदर्शनाचे ठरलेले उदाहरण. पेण आणि रोह्याच्या डोंगरांत आगीचा वाद नाही, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचेच ते बनले आहेत. वाद आहे तो स्थानाचा. हा कातळ आजच्याच जागी, याच दिशेला तोंड करून थिजला का? पाहायला तेव्हा कोणी नव्हते, म्हणून प्रत्यक्ष बाद, उरते अनुमान.

इथला हेतू, म्हणजे धुरासारखी खूण, आहे दगडातले चुंबकत्व. लाव्हा निवताना त्यातले मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते. व्याप्ती, म्हणजे खूण आणि निष्कर्ष यांना जोडणारा नियम, अशी, की काही हजार वर्षांच्या सरासरीत चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवावरच येतो. मग दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन अक्षांश सांगतो आणि उत्तरेपासूनचा ढळ भूमी किती वळली ते सांगतो. 1950च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे जे. ए. क्लेग आणि सहकाऱ्यांनी दख्खनचे नमुने मोजले. आजच्या हिशेबाने हा कातळ दक्षिण गोलार्धात, 30 अंशांच्या आसपास थिजला आणि नंतर घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे 25 अंश वळला.

अनुमानावर विश्वास नसलेला चार्वाक विचारील, व्याप्ती सर्वकाळ टिकते कशावरून? नैयायिकांचे उत्तर जास्त कामाचे आहे: लपलेली अट, म्हणजे उपाधी, शोधा. आग तिथे धूर हा नियम फसतो, कारण सरपण ओले लागते. पेण-रोह्याकडचे ओले सरपण म्हणजे ‘पनवेल फ्लेक्शर’ हा भूस्तरांचा वाक. घाटमाथ्यावर जवळजवळ आडवे असलेले थर या पट्ट्यात पश्चिमेकडे झुकले आहेत. चुंबकत्व झुकण्याआधीचे असेल, तर मोजलेल्या कोनात झुकावही मिसळलेला असतो. म्हणून थर गणिताने पुन्हा आडवे करतात. तसे केल्यावर विखुरलेल्या दिशा एकवटल्या तर चुंबकत्व आधीचे. उलट अधिकच पांगल्या तर नंतरचे. थरांना छेदून उभ्या असलेल्या डाइकांत, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींत, मात्र आडवे करायला थरच नसतो, आणि डाइक वाकाच्या आधीचा की नंतरचा हे वेगळ्या पुराव्याने ठरवावे लागते. वीज पडूनही दगडाचे चुंबकत्व बदलते. तो लेप टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या, दिशा सतत उलटणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने उतरवतात.

वळला तो कोकणाचा तुकडा की सारे द्वीपकल्प? तुकडाच फिरला असता तर त्याची दिशा घाटमाथ्याच्या खडकांशी जुळली नसती. दख्खनभर दिशा साधारण एकच मिळते, तेव्हा वळण साऱ्या भूखंडाचे. रेखांश मात्र या हेतूने सिद्ध होत नाही: एकाच अक्षांशावर पूर्वेला असो वा पश्चिमेला, सरासरी चुंबकीय क्षेत्र सारखेच असते.