सब्र आणि मौन
हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस अयादतीला आलेल्यांना सांगतो, 'अल्हमदुलिल्लाह, ठीक आहे.' तेवढ्यावर आपले समाधान होते. जिना चढताना वाटणारी धास्ती, रात्रीची जाग, उगाच येणारे रडू त्याने सांगितलेच, तर आपण म्हणतो, 'सब्र करा.' मग भीती वाटणे ही ईमानाची कमजोरी समजायची का?

आम्हाला तसे वाटत नाही. कुरआनात हजरत याकूब यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे झाले. तरी सब्राचे उदाहरण म्हणून आपण त्यांचेच नाव घेतो. त्यांनी गाऱ्हाणे अल्लाहपाशीच मांडले, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण पैगंबरांनी (स.) आजारावर इलाज करायलाही सांगितले आहे, आणि दुखणे सांगितल्याशिवाय इलाज कसा होणार? खिन्न रुग्ण गोळ्या चुकवतो, चालणे सोडतो. झटक्यानंतरच्या धोक्यांत नैराश्यही धरावे, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ सालच्या निवेदनात आहे.

हृदयाच्या गोळीला तवक्कुल आड येत नाही. मग मनाच्या इलाजालाच का यावा? अयादत सवाबाचे काम आहे. तिथे उपदेश थोडा कमी करावा आणि त्या माणसाला बोलू द्यावे, एवढे तरी आपल्याला जमायला हवे.